खोटीचा हिशेब

मराठीत ‘खोटी’ हा एक जुना शब्द आहे. ‘खोटे’ या विशेषणाशी त्याची गल्लत करण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या दिरंगाईमुळे एखाद्याला थांबून राहावे लागले आणि त्याचा कामाचा वेळ वाया गेला, म्हणजे त्याची ‘खोटी’ झाली असे म्हणतात. माल भरला जाईपर्यंत गाडीवानाला ताटकळत बसावे लागले की त्याची खोटी होते; घरधनी वाळू आणून देत नाही तोवर गवंड्याची खोटी होते. गुजरातीतही ‘खोटी थवुं’ हा प्रयोग याच अर्थाने रूढ आहे. या शब्दाचा विशेष असा की, त्यात दोन माणसे गृहीत धरलेली आहेत : ज्याचा वेळ गेला तो एक, आणि ज्याच्यामुळे गेला तो दुसरा. नुसत्या ‘वाट पाहणे’ या क्रियापदात हा दुसरा माणूस नसतो. वाट पाहणे ही ज्याची त्याची अवस्था. खोटी हे दोघांमधले देणेघेणे.

भ्रमणध्वनीवरील ॲपच्या द्वारे जेवण, किराणा किंवा प्रवासी पोहोचवणाऱ्या कामगारांना न्याय्य मोबदला कसा ठरवावा, हा प्रश्न आज अर्थशास्त्रज्ञ, न्यायालये आणि विधिमंडळे यांच्यापुढे आहे. त्याची चर्चा बहुधा दर किती असावा, कमिशन किती टक्के असावे, विमा कोणी उतरवावा या अंगाने होते. परंतु या सर्व आकड्यांच्या आधी एक प्रश्न उभा आहे, आणि तो निम्मा भाषेचा आहे : दोन ऑर्डरींच्या मधला जो रिकामा वेळ, त्याला काय म्हणायचे? ते त्या माणसाचे स्वतःचे वाट पाहणे आहे, की त्याची खोटी आहे? याचे उत्तर दिल्याशिवाय कोणताही दर न्याय्य अथवा अन्याय्य ठरवता येत नाही. म्हणूनच भारतीय भाषांच्या अभ्यासकांनीही या हिशेबाकडे लक्ष द्यावयास हवे.

श्रमाच्या मोबदल्याचे शब्द आपल्या भाषांत दूरदूरवरून आलेले आहेत. ‘वेतन’ संस्कृत, ‘मजूर’ व ‘मजुरी’ फारसी, ‘पगार’ पोर्तुगीज. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. ‘कुली’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. पण तो या तमिळ शब्दावरून आला हे मत मान्य केल्यास, तमिळबाहेर पडताच मोबदल्याचे नाव माणसालाच चिकटले असे म्हणावे लागते. मोबदला मागे पडला, माणूस तेवढा उरला. आजच्या ॲपच्या परिभाषेत याच्या उलट घडलेले दिसते. ज्याला शहरी मराठीत ‘डिलिव्हरी बॉय’ म्हणतात, त्याला कंपनीच्या करारपत्रात ‘पार्टनर’ म्हटलेले असते. माणसाचा दर्जा एका शब्दाने वाढवला जातो, आणि त्याच शब्दाने ‘मजुरी’ ही कल्पना पुसली जाते. कारण भागीदाराला नफ्यातोट्यातला वाटा असतो, मजुरी नसते. परंतु दर कोणता, विभाग कोणता, ऑर्डर कोणाला जाणार, खाते कधी बंद होणार, यांपैकी काहीही हा भागीदार ठरवीत नाही. तोट्यातला वाटा मात्र त्याला मिळतो, आणि तो वेळेच्या रूपाने मिळतो.

अशा कामगारांची संख्या आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ साली देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज दिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ने त्यांना प्रथमच केंद्रीय कायद्यात नाव दिले. पण ते नाव देताना, पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून काम करणारा व कमाई करणारा, अशी गिग कामगाराची व्याख्या केली. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही, इतकी रक्कम कल्याणनिधीत भरावी अशी तरतूद तीत आहे. किमान वेतन मात्र ‘वेतन संहिता, २०१९’चा विषय, आणि ती संहिता उभी आहे ‘कर्मचारी’ या संज्ञेवर. परिणामी या कामगाराला अपघात, आजार, वार्धक्य यांसाठी काही मिळण्याची वाट खुली झाली; दिवसाच्या कामाचे किमान किती, याला उत्तर मिळाले नाही.

हे उत्तर का महत्त्वाचे आहे, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुण्यातील एक कामगार सकाळी अकरा ते रात्री अकरा असे १२ तास ॲपवर हजर राहिला. या वेळात त्याला १८ ऑर्डरी मिळाल्या. प्रत्येकीला सरासरी २४ मिनिटे लागली आणि ४० रुपये मिळाले. म्हणजे ७२० रुपये जमा झाले आणि प्रत्यक्ष पोहोचवण्याचा वेळ ७ तास १२ मिनिटे झाला. या वेळाने भागल्यास ताशी १०० रुपये पडतात, आणि हा आकडा जाहिरातीत शोभून दिसणारा आहे. आता दुसरा हिशेब. ऑर्डर घ्यायला जाण्याचे आणि परत मोक्याच्या जागी येण्याचे अंतर धरून गाडी १०० किलोमीटर चालली. पेट्रोल, तेलपाणी, टायर आणि गाडीची झीज मिळून किलोमीटरला ३ रुपये धरले तर ३०० रुपये खर्च झाले. हाती राहिले ४२०. त्याला १२ तासांनी भागल्यास ताशी ३५ रुपये पडतात. एकाच माणसाचा एकच दिवस, आणि त्याचे भाव दोन : शंभर आणि पस्तीस. यांतला एकही आकडा लबाडीचा नाही. फरक इतकाच की पहिल्या हिशेबात गाडीचा खर्च आणि ४ तास ४८ मिनिटांची खोटी कामगाराच्या पदरात टाकलेली आहे, आणि दुसऱ्या हिशेबात ती वहीत लिहिलेली आहे.

हा वाद नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या, म्हणजे धर्मस्थीय अधिकरणात मजुरांविषयीचे नियम आहेत. वेतन आधी ठरले असेल तर ठरल्याप्रमाणे; ठरले नसेल तर काम आणि काळ या दोहोंना अनुरूप द्यावे, असा सामान्य नियम तेथे सांगितला आहे. पुढे, चौदाव्या अध्यायात, नेमका आजचा प्रश्न उपस्थित होतो. कामावर हजर झालेल्या माणसाकडून मालकाने काम करून घेतलेच नाही तर काय? पूर्वाचार्यांचे मत असे की, ते काम केले गेलेच असे समजावे. कौटिल्याला हे मान्य नाही. वेतन केलेल्या कामाचे असते, न केलेल्याचे नसते, असे तो म्हणतो. येथपर्यंत कौटिल्य आजच्या कंपन्यांच्या बाजूने बोलतो आहे असे वाटेल. परंतु तो तेथे थांबत नाही. मालकाने थोडे जरी काम करून घेतले आणि मग पुढचे करू दिले नाही, तर मात्र सारे काम झाले असेच धरावे, असा अपवाद तो लगेच जोडतो.

कौटिल्य हा श्रमिकांचा कैवारी नव्हता. वेतन घेऊन काम न करणाऱ्याला त्याच अध्यायात त्याने दंड सांगितला आहे. म्हणूनच त्याचा हा अपवाद अधिक मोलाचा आहे. हिशेबात कठोर असलेल्या माणसालाही असे दिसले की, काम एकदा सुरू झाले की मजुराचा दिवस मालकाच्या हाती गेलेला असतो. मधल्या रिकाम्या वेळात तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. आता बारा तासांत अठरा ऑर्डरी पोहोचवणाऱ्या माणसाला हा नियम लावून पाहावा. पहिली ऑर्डर त्याने पोहोचवली म्हणजे ‘थोडे काम’ झाले. त्यानंतर हॉटेलाच्या दारात स्वयंपाक होईपर्यंत जे थांबणे, आणि पुढची ऑर्डर येईपर्यंत चौकात जे थांबणे, ते आचार्यांच्या मताने तर काम आहेच. पण कौटिल्याच्या मतानेही काम ठरते. या वादात आजच्या कंपन्यांनी जी जागा घेतली आहे, ती दोन्ही पक्षांच्या बाहेरची आहे.

यावर असे म्हटले जाईल की, प्राचीन मजूर बोलावला म्हणून येत असे. ॲपवर तर कोणी कोणाला बोलावीत नाही, ज्याला हवे तेव्हा तो येतो. हा युक्तिवाद दिसतो तितका सरळ नाही. अनेक ॲपांवर ठराविक तास हजर राहिल्याशिवाय प्रोत्साहनाची रक्कम मिळत नाही. म्हणजे रक्कम नाकारायची असते तेव्हा हजेरीचे तास मोजले जातात; मोबदला द्यायचा असतो तेव्हा ते मोजले जात नाहीत. जी वेळ एका रकान्यात खरी असते, ती दुसऱ्या रकान्यात नाहीशी कशी होते, याचे स्पष्टीकरण कोणी दिलेले नाही.

स्वातंत्र्योत्तर भारताच्या कामगार कायद्याने या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिलेले होते. १९४८च्या किमान वेतन अधिनियमात दोन तरतुदी होत्या. एक अशी की, कामगाराने दिवसाच्या ठरलेल्या तासांहून कमी वेळ काम केले तरी, ते त्याच्या अनिच्छेमुळे नव्हे तर मालकाने काम न पुरवल्यामुळे घडले असेल, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळावे. दुसरी अशी की, जेथे काम नगावर आहे आणि किमान दर मात्र वेळेवर ठरलेला आहे, तेथे नगावरची कमाई त्या वेळेच्या दराहून खाली जाता कामा नये. मराठीत ज्याला ‘उक्ते काम’ म्हणतात, त्याला कायद्याने अशा रीतीने खालून आधार दिला होता. ही दोन्ही तत्त्वे वेतन संहितेतही कायम ठेवण्यात आली आहेत. शिवाय किमान वेतन म्हणजे किती, याचाही हिशेब आपल्याकडे १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिला : एका मिळवत्या माणसामागे तीन उपभोग-घटक, डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार अन्न, माणशी वर्षाला १८ यार्ड कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती आदींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकॉस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, करमणूक, लग्नकार्ये व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर त्यात घातली. त्याआधी १९८२ साली, एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला होता.

ज्यांना एक ठरावीक मालक नाही अशा कामगारांचे काय, याचेही उत्तर येथे, आणि विशेषतः मुंबईत, शोधले गेले. जहाज आले तर काम, नाही तर नाही, अशी गोदी कामगारांची स्थिती होती. १९४८च्या गोदी कामगार कायद्याखाली आलेल्या मुंबईच्या योजनांनी नोंदलेल्या कामगाराला महिन्यातील किमान वेतनाची हमी दिली. हजर राहूनही काम मिळाले नाही तर हजेरीभत्ता दिला. आणि कामावर नेमल्यावर काही कारणाने ते सुरूच झाले नाही तर त्यासाठी वेगळी रक्कम ठेवली. या रकमेला इंग्रजीत जे नाव होते त्याचा शब्दशः अर्थ ‘निराशेचे पैसे’ असा होतो. मराठी माणसाने तिला खोटीचे पैसे म्हटले असते. पुढे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या चळवळीतून १९६९चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. सकाळी एका पेढीचा आणि दुपारी दुसऱ्या पेढीचा माल उचलणाऱ्या माणसाला मालक कोण, या प्रश्नात न अडकता त्या कायद्याने मंडळे स्थापली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हिशेब ठेवून मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, औषधोपचार पाहायचे, अशी ही रचना आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांसाठी जे कायदे केले, त्यांतील मंडळ आणि व्यवहारावरील शुल्क या कल्पना माथाडी कायद्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या आहेत. पण त्यांनी त्या कायद्याचा अर्धाच भाग उचलला. लेव्ही आली, मजुरी आली नाही.

परदेशांत या प्रश्नाला अलीकडे तीन निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमताने संमत झालेल्या कायद्याने किमान वेतनाच्या १२० टक्के इतकी हमी दिली. परंतु ती फक्त प्रत्यक्ष फेरीच्या वेळेपुरती. टक्केवारी उदार दिसते. खोटी मात्र संपूर्णपणे चालकाच्या माथी राहिली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी नेमके उलट सांगितले : आपल्या परवान्याच्या क्षेत्रात ॲप चालू ठेवून, फेरी घेण्यास तयार असा चालक जितका वेळ असतो, तो सारा कामाचा वेळ होय. न्यूयॉर्क शहराने तिसरा मार्ग धरला. तेथे २०१९ पासून ॲपवरील मोटारचालकांसाठी प्रत्येक मैलाचा व प्रत्येक मिनिटाचा किमान दर ठरवताना, चालकाच्या एकूण वेळापैकी किती वेळ गाडीत प्रवासी असतो त्या प्रमाणाने तो दर भागला जातो. प्रारंभी हे प्रमाण ५८ टक्के धरले होते. म्हणजे शंभरांपैकी बेचाळीस मिनिटांची खोटी उरलेल्या अठ्ठावन्न मिनिटांच्या दरात भरून काढली गेली. खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्यांसाठी त्याच शहराने २०२३ साली ताशी १७.९६ डॉलरचा किमान दर लावला, आणि त्यात थांबण्याचा वेळ स्पष्टपणे धरला.

न्यूयॉर्कची रीत भारतीय परिस्थितीला सर्वांत जवळची वाटते, कारण तीत कामगार हा कर्मचारी आहे की भागीदार, या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही. वरच्या उदाहरणातील कामगाराला खर्च वजा जाता ताशी ८० रुपये मिळावेत असे क्षणभर धरू. त्याच्या बारा तासांपैकी ७ तास १२ मिनिटे, म्हणजे ६० टक्के, वेळ कामात गेला होता. ८० ला ०.६ ने भागल्यास कामातल्या तासाला सुमारे १३३ रुपये पडतात, तेवढ्याच वेळावर गाडीचा खर्च वाटला तर आणखी सुमारे ४२ रुपये, एकूण १७५. या दराने २४ मिनिटांच्या ऑर्डरीला ७० रुपये होतात. चाळीस आणि सत्तर यांच्यामधले तीस रुपये आज कामगाराचे घर भरते. आता समजा, कंपनीने ऑर्डरींची आखणी सुधारली, एका विभागात गरजेपेक्षा अधिक माणसे उभी केली नाहीत, आणि कामातल्या वेळेचे प्रमाण ८० टक्क्यांवर नेले. तर त्याच ८० रुपयांच्या हमीसाठी ऑर्डरीला सुमारे ५७ रुपये पुरतात. म्हणजे खोटी कमी करणारी कंपनी स्वस्त पडते आणि वाढवणारी महाग पडते. आज परिस्थिती उलटी आहे. चौकात वीस माणसे थांबवून ठेवण्याला कंपनीला काहीच लागत नाही, आणि गिऱ्हाइकाला मात्र माल दहा मिनिटांत मिळतो. ती दहा मिनिटे त्या वीस माणसांच्या थांबण्यातून आलेली असतात.

या सूत्राविरुद्ध काही आक्षेप विचारात घेतलेच पाहिजेत. एकच माणूस एकाच वेळी दोन-तीन ॲप चालू ठेवतो. मग त्याची एकच खोटी तिघांनी भरायची काय? ही अडचण खरी आहे. परंतु वेळेचे प्रमाण प्रत्येक माणसाचे न मोजता साऱ्या शहराच्या धंद्याचे मोजले आणि त्यानुसार ऑर्डरीचा दर ठरवला, तर दुहेरी भरपाईचा प्रश्न उरत नाही. पैसे अखेर ज्याने ऑर्डर दिली त्याच्याकडूनच येतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थांबण्याला मोल लावले की कंपन्या माणसांना थांबूच देणार नाहीत. न्यूयॉर्कमध्ये हे घडले : मागणी कमी असताना चालकांना ॲपमध्ये प्रवेश नाकारला जाऊ लागला, आणि त्यात अनेकांची कमाई बुडाली. हा तोटा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण दार बंद असलेला माणूस निदान दुसरे काम पाहू शकतो, घरी जाऊ शकतो. दार उघडे ठेवून बाहेर ताटकळणाऱ्याला तेही करता येत नाही. प्रवेश कोणाला, कधी आणि किती वेळ नाकारता येईल याचे नियम दराच्या नियमांबरोबरच करावे लागतील. गोदी आणि माथाडी मंडळांनी नोंदणीचे आणि पाळीचे नियम याच कारणासाठी केले होते. तिसरा आक्षेप किमतीचा. घरपोच सेवा महाग होईल, हे खरेच आहे. परंतु ती आजही तितकीच महाग आहे. तिच्या किमतीचा एक भाग बिलावर छापला जात नाही, एवढेच.

हे अशक्य आहे असेही म्हणता येणार नाही, कारण आपल्याकडे याच्या जवळपासचे हिशेब रोज होत असतात. रिक्षाच्या मीटरवर थांबण्याचा आकार पडतो आणि प्रवासी तो कुरकुरत का होईना, देतो. केंद्र सरकारने २०२५ साली काढलेल्या ॲपवरील मोटारसेवेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाडे किमान तीन किलोमीटरचे धरावे असे म्हटले आहे, आणि त्याचे कारण देताना प्रवाशाविना कापलेल्या अंतराचा उल्लेख केला आहे. रिकाम्या अंतराला भरपाई देणे शासनाला पटले आहे. रिकाम्या वेळाला ती देणे ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पूर्वी खोटी मोजता येत नसे. मुकादमाच्या हजेरीपटावर दिवस भरला किंवा खाडा पडला, एवढेच लिहिलेले असे. नाक्यावर किती वेळ उभे राहावे लागले याची नोंद कोठेच नव्हती. म्हणून किमान वेतनाचे जुने कायदे दिवस हे माप धरून चालत. आज माणूस ॲपवर कधी आला, ऑर्डर कधी मिळाली, हॉटेलात किती मिनिटे थांबला, कोणत्या रस्त्याने गेला, हे सारे सेकंदासह कंपनीजवळ लिहिलेले आहे. श्रमाच्या इतिहासात खोटीचे इतके चोख माप पूर्वी कधीच उपलब्ध नव्हते. आणि याच काळात ती वेळ हिशेबाच्या बाहेर आहे असे ठरवले गेले. तेव्हा पहिली मागणी दराची नसून वहीची असावयास हवी. प्रत्येक शहरात, प्रत्येक महिन्यात, हजर वेळ किती आणि कामातला वेळ किती, हे कंपन्यांनी मंडळाला कळवावे आणि मंडळाने ते प्रसिद्ध करावे. हा आकडा एकदा लोकांपुढे आला की, त्या राज्याचे किमान वेतन, गाडीचा किलोमीटरमागचा खर्च आणि हे प्रमाण या तीन गोष्टींवरून ऑर्डरीचा किमान दर काढणे हे शाळकरी मुलालाही जमणारे त्रैराशिक आहे. राजस्थान आणि कर्नाटक येथील मंडळांच्या अधिकारात मजुरीचा भाग घालण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. महाराष्ट्राला तर या कामी माथाडी मंडळांचा अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव हाताशी आहे. तो कागदावरच राहू देणे हे अण्णासाहेब पाटील आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या प्रांताला शोभणारे नाही.

यात साहित्याच्या अभ्यासकाला करण्यासारखेही एक काम आहे. कायद्यांचे मसुदे इंग्रजीत तयार होतात आणि मग आपापल्या भाषांत उतरवले जातात. इंग्रजी मसुद्यातील थांबण्याच्या वेळेसाठी मराठीत ‘प्रतीक्षाकाल’ असा शब्द योजला जाईल. तो व्याकरणशुद्ध असेल, आणि त्यातून ज्याने थांबवले तो माणूस गळून पडलेला असेल. भारतीय भाषांत श्रमिकांनी आपल्या वेळेविषयी जे शब्द घडवले, ते एकत्र करून त्यांचे अर्थ मसुदे लिहिणाऱ्यांपुढे ठेवणे हे कोशकाराचे काम आहे. ते आता, नियम तयार होत असतानाच, व्हावयास हवे. मराठीपुरते बोलायचे तर त्या यादीत ‘उक्ते’ आणि ‘खाडा’ यांच्या शेजारी ‘खोटी’ हा शब्द असावा, आणि ती कोणी भरून द्यायची हेही त्याच्यापुढे लिहिलेले असावे.